बळी तो कान पिळी

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव एका पिढीपूर्वी खुद्द पुणेकरांसही फारसे ठाऊक नव्हते. हिंजवडीकडून कासारसाईकडे जाणाऱ्या वाटेवरची एक वस्ती, सभोवार शेते आणि जवळ टेकडी, एवढीच त्याची ओळख. पुढे हिंजवडीस राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि पाहता पाहता ह्या शिवाराचा कायापालट झाला. आज तेथे भिंतीच्या एका अंगास गावठाण आहे, दुसऱ्या अंगास टोलेजंग इमारती आहेत. एकीकडे पिढ्यान् पिढ्या नांदलेली घराणी, तर दुसरीकडे विदर्भ, मराठवाडा व परप्रांत येथून पोटासाठी आलेली तरुण बिऱ्हाडे. ह्या दोन वस्त्यांत सामाईक वस्तु कोणत्या म्हणाल, तर रस्ता, पाणी आणि हवा. पहिल्या दोहोंवरून तंटे होतात व ते वर्तमानपत्रांत छापूनही येतात. आज आम्हांस तिसरीविषयी लिहावयाचे आहे. त्यातही धुराविषयी नव्हे, तर त्या हवेतून दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणाऱ्या आवाजाविषयी.

लग्नाची वरात असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, जयंती असो वा विसर्जन असो, टेम्पोवर ध्वनिक्षेपकांची भिंत रचल्यावाचून समारंभ पुरा झाला असे हल्ली कोणासही वाटेनासे झाले आहे. ह्या भिंतीस लोक ‘डीजे’ म्हणतात. मुळात हा शब्द तबकड्या निवडून वाजविणाऱ्या मनुष्याचा. आमच्याकडे मनुष्य नाहीसा झाला आणि भिंत तेवढी उरली. परंतु हा दोष एकट्या गावठाणाच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. इमारतींतील क्लबहाऊसांत होणाऱ्या नृत्यसंध्या, उजाडेपर्यंत चालणारी बांधकामावरील यंत्रे, हिंजवडीच्या सुप्रसिद्ध कोंडीत अडकून पडल्यावर भोंगा दाबून धरणारे सुशिक्षित मोटारवाले, आणि बसमध्ये शेजारी बसून मोबाईलवरील चलच्चित्रे सर्वांस ऐकविणारे सद्‌गृहस्थ, हे सर्व शहरी सुधारणेचेच प्रतिनिधि होत. मुंबईच्या बेस्ट उपक्रमास २०२३ सालच्या एप्रिलात, बसमध्ये कानात साधन घातल्यावाचून मोबाईल वाजवू नये, असा हुकूम काढावा लागला. ज्या गोष्टी घरातील वडील माणसाने एका कटाक्षाने सांगावयाच्या, त्यांस सरकारी हुकूम लागावा, ह्यातच आमची स्थिति काय आहे ते दिसून येते.

मारुंजीसारख्या गावात ह्या प्रश्नास आणखी एक पदर आहे. भारत सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा मानला आहे. परंतु हिंजवडीच्या कचेऱ्यांत अनेक मंडळी अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करतात. त्यांस घेऊन जाणारे मोटारचालक, त्या इमारतींचे पहारेकरी, रुग्णालयांतील परिचारिका, ह्यांची रात्र सकाळी आठ-नऊच्या सुमारास सुरू होते. भर दुपारी चौकात भिंत धडधडू लागली म्हणजे ज्याने रात्रभर डोळा लावलेला नाही त्याने काय करावे? ‘दिवसा वाजवितो, कायदा मोडीत नाही’ हे उत्तर त्यास ठरलेले मिळते. आणि ते उत्तर कायद्याच्या दृष्टीनेही खोटे आहे. नियमांत दिवसाचीही मर्यादा आहे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल व रात्री ४५. बाजारपेठेत ६५ व ५५. रुग्णालय, शाळा व न्यायालय ह्यांच्या सभोवार शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्रात ५० व ४०. म्हणजे दुपारच्या झोपेसही कायद्याने काही पांघरूण घातले आहे. ते अंगावर ओढावयास मात्र कोणी धजत नाही.

मुळशीच्या भूमीत हा विचार करताना दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९२१ साली रामनवमीस ह्याच तालुक्यात मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. टाटांच्या कंपनीचे धरण व्हावयाचे होते आणि त्याच्या पाण्याने होणारी वीज मुंबईकडे जावयाची होती. सेनापती बापट त्या लढ्याचे पुढारी झाले व त्यापायी त्यांनी तुरुंग भोगला. धरण झाले, गावे बुडाली, वीज मुंबईस गेली. वीज वाईट असे त्या मावळ्यांपैकी कोणाचेच म्हणणे नव्हते. यंत्राचा लाभ एकाने घ्यावा आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्याच्या शेतातून, त्यास न पुसता वसूल व्हावी, एवढ्यापुरतेच त्यांचे भांडण होते. ध्वनिक्षेपकाची गोष्ट धरणाच्या मानाने क्षुल्लक आहे हे आम्ही जाणतो. तथापि न्यायाचा मुद्दा तोच आहे. आनंद वरातीतल्या शंभरांचा. किंमत मोजणार खाटेवर पडलेली म्हातारी, दहावीच्या परीक्षेस बसलेली मुलगी, आणि पाळण्यात दचकून उठणारे तान्हे. ह्या तिघांपैकी कोणाचीही संमति कोणी घेतलेली नसते, आणि तिघांपैकी कोणासही रस्त्यावर उतरून सत्याग्रह करता येत नाही.

आता ही किंमत म्हणजे नेमकी काय, हे जरा खोलात जाऊन पाहू. कारण ‘थोडा त्रास झाला तर बिघडले कोठे’ असे म्हणणाऱ्यांस ती बहुधा ठाऊक नसते. कानाच्या आतील शंखाकृति नळीत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. हवेतील कंपने तेथवर पोचली की ह्या पेशींचे रोम हालतात आणि त्यांतून मेंदूकडे संदेश जातो. त्यासच आपण ऐकणे म्हणतो. कापलेली कातडी भरून येते, मोडलेले हाड सांधते, परंतु मनुष्याच्या कानातील रोमपेशी एकदा मेल्या की पुनः उगवत नाहीत. डेसिबल हे मापही फसवे आहे. सत्तरांचे ऐंशी झाले म्हणजे आवाज थोडासा वाढला असे हिशेबी मनुष्यास वाटते. वास्तविक दर दहा डेसिबलांस ध्वनीची शक्ति दसपट होते. व्यापारी वाचकांस चक्रवाढ व्याज सांगावयास नको. हे त्याच घराण्यातले गणित आहे. ८५ डेसिबलांचा आवाज दिवसास आठ तासपर्यंत कान सोसतो, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलांस ती मुदत निम्मी होत जाते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला पाव तास. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीच्या आवाजाची मोजणी अभियांत्रिकी विद्यालयाचे विद्यार्थी अनेक वर्षे करीत आले आहेत. शंभराच्या पलीकडचे आकडे तीत एकाहून अधिक वर्षी नोंदले गेले आहेत. मिरवणूक पाव तासाची असते काय?

येथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. भिंतीच्या सर्वांत जवळ कोण उभा असतो? ज्याने वर्गणी गोळा केली तो पुढारी नव्हे. तो मंडपात किंवा मोटारीत असतो. जवळ उभा असतो तो नाचणारा सोळा-सतरा वर्षांचा पोर, टेम्पो हाकणारा चालक, रोजावर आलेला वायरमन आणि बंदोबस्तावरचा पोलिस शिपाई. दुसऱ्या दिवशी कानात गुणगुण राहते, ती चार दिवसांनी जाते, आणि काही झाले नाही असे ह्या पोरांस वाटते. पुढे पस्तिशीत शेजारचा काय बोलतो ते कळेनासे झाले म्हणजे त्या रात्रीची आठवण कोणास होणार? बाकी शरीरावर होणारे परिणामही थोडेथोडके नाहीत. एकसारख्या गोंगाटाने झोप मोडते, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, आणि हृदयरोग्यास हा भार जड जातो. जागतिक आरोग्य संघटनेने गोंगाटास रोगाचे कारण म्हणूनच गणले आहे. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आमच्या पूर्वजांनी अलंकारिक अर्थाने केली असावी. तिचा शब्दशः अर्थ करून दाखविण्याचा मान ह्या पिढीस मिळाला आहे!

आवाजाच्या जोडीस लेझर किरणांचे नवे खूळ निघाले आहे, त्याचा उल्लेख थोडक्यात करतो. २०२३ सालच्या विसर्जनानंतर पुणे व कोल्हापूर भागांत डोळ्यांच्या पडद्यास इजा झालेले तरुण नेत्रवैद्यांकडे आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या, आणि २०२४ साली पुणे पोलिसांनी मिरवणुकांत ह्या किरणांस बंदी केली. कानाच्या बाबतीत निदान कापूस तरी घालता येतो. उत्सवात डोळे मिटून चालावे असे कोणी सांगणार आहे काय?

ह्यावर मोठा आक्षेप धर्माच्या व परंपरेच्या नावाने घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचा आम्हांस अभिमान आहे. लोकमान्यांनी १८९३-९४ पासून त्यास जे राष्ट्रीय स्वरूप दिले, त्यावाचून महाराष्ट्रातील लोकजागृति इतक्या लवकर झाली नसती. परंतु त्या उत्सवात काय होते? मेळे होते, पोवाडे होते, कीर्तने होती, व्याख्याने होती. वीज लावून मोठा केलेला आवाज त्या वेळी जन्मासही आला नव्हता. बोलता ध्वनिक्षेपक अमेरिकेत निघाला तोच मुळी १९१५ च्या सुमारास. लोकमान्य ज्या कंठाने बोलले तो मनुष्याचा कंठ होता, आणि लोक ऐकावयास जवळ येत. आज लोक दूर पळावेत अशी योजना असते. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड चैत्र पौर्णिमेस निघते. त्याचा महिमा कोणत्या कंपनीच्या कर्ण्यावर अवलंबून आहे? तेव्हा परंपरेचे नाव घेऊन काल भाड्याने आणलेल्या यंत्राचा बचाव करू नये. ढोल-ताशाची गोष्ट आम्ही निराळी मानतो. ढोलपथकात तीस माणसांचीच मर्यादा घालणारा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ सालच्या सप्टेंबरात स्थगित केला, ते आमच्या मते ठीकच झाले. ढोल मनुष्याच्या हाताने वाजतो. हात दमतो, आणि हात दमला की ढोल थांबतो. यंत्र दमत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. मात्र ढोलवाल्यांनीही शाळा व रुग्णालयावरून जाताना टिपरू खाली ठेवावे, हे सांगावयास न्यायालयाची वाट पाहू नये.

कायदा ह्याविषयी मुग्ध आहे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मद्रासकडील एका खटल्यात स्पष्ट सांगितले की, ध्वनिक्षेपकाने शेजाऱ्याची शांति भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात असे ठरविले की, ज्यास ऐकावयाचे नाही त्याच्या कानावर आवाज लादण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही, आणि शांतपणे जगणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०१६ साली आणि पुनः २०२५ सालच्या जानेवारीत हेच बजाविले. ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे ह्या दुसऱ्या निकालात म्हटले आहे. ह्यात देऊळ, मशीद, चर्च असा भेद न्यायालयाने केलेला नाही, आम्हीही करीत नाही. आपल्या देवळावरचा तो भक्तिघोष आणि दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळावरचा तो गोंगाट, असे म्हणणाऱ्यास ध्वनीशी कर्तव्य नसून भांडणाशी आहे, एवढेच आम्ही म्हणू. लेखी परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेहून दहा डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, ह्यांतील जे कमी असेल त्यापलीकडे आवाज जाता कामा नये. खाजगी जागेस ही सवलत पाचच डेसिबलांची आहे. क्लबहाऊसवाल्यांनी हे शेवटचे वाक्य पुनः एकदा वाचावे.

मग अडते कोठे? अडते तक्रार करण्यापाशी. गावठाणातील मनुष्य तक्रार करीत नाही, कारण वरात भावकीतली असते व मंडळाचा अध्यक्ष उद्या उपयोगी पडावयाचा असतो. इमारतीतील मनुष्य करीत नाही, कारण तो भाडेकरू असतो, बायको संध्याकाळी एकटी परतते, आणि ‘बाहेरून आलात, आम्हांस शिकवू नका’ हे शब्द त्याने एकदा ऐकलेले असतात. नक्कारखान्यात टिमकी कोण वाजविणार? ह्याचसाठी २०२५ च्या निकालात उच्च न्यायालयाने सांगितले आहे की, तक्रारदाराची ओळख पटविण्याच्या भानगडीत पोलिसांनी पडू नये व त्याचे नाव आरोपीस कळू देऊ नये. प्रथम ताकीद द्यावी, न ऐकल्यास दंड करावा, तरीही न ऐकल्यास यंत्र जप्त करावे. पर्यावरण कायद्यातील तुरुंगाची शिक्षा २०२३ सालच्या जनविश्वास कायद्याने काढून तेथे दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेविला आहे. ज्यांस तुरुंगाचे भय नव्हते त्यांस थैलीचे कदाचित् वाटेल. पण नाव गुप्त राहील हा भरवसा लोकांस वाटावयाचा तर तो ठाण्यातील शिपायाच्या वागणुकीने वाटावयाचा, निकालपत्राने नव्हे. तक्रार नोंदविताच अर्ध्या तासात चौकातून ‘कोणी फोन केला ते कळले’ अशी हाक येते असा लोकांचा समज आहे तोवर नियमांचा कागद कोराच समजावा.

ह्या कामी दंडुका किती व समजूत किती, हा प्रश्न नाजूक आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त गोऱ्या शिपायांकडून करविण्यात आला. रोग हटवावा हा हेतु कोणी वाईट म्हणत नव्हते. परंतु बंदोबस्ताच्या रीतीने लोक इतके दुखावले की सार्वजनिक आरोग्याचे नाव काढणेही काही काळ अवघड झाले. परंतु त्या वेळच्या व आजच्या स्थितीत एक मोठे अंतर आहे, ते विसरून चालणार नाही. तो कायदा परक्यांचा होता, तो मोडण्यात कित्येकदा स्वाभिमान होता. आजचा कायदा आमच्याच प्रतिनिधींनी केला, आमच्याच न्यायाधीशांनी उलगडून सांगितला. तो मोडून मंडळाचा अध्यक्ष जेव्हा आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतो, तेव्हा हे शौर्य कोणाविरुद्ध, असे त्यास विचारावयास हवे. समोर इंग्रज नाही. समोर शेजारची म्हातारी आहे. २०२५ सालच्या जुलैत महाराष्ट्र सरकारने गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा मान दिल्याचे जाहीर केले. राज्याचा महोत्सव राज्याचेच नियम धाब्यावर बसवून व्हावा, हे त्या मानास शोभते काय, ह्याचा विचार मंडळांनीच करावा.

गावाने मनावर घेतले तर काय होते, ह्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून एक रिवाज पाडला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास सारे गाव दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवते. त्या वेळात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. गंमत अशी की शांततेची वर्दी देण्यासही भोंगाच लागला! आरंभी लोक हसले असतील, घरोघर जाऊन सांगावेही लागले. परंतु पोलिस न आणता हे झाले, कारण ठराव गावाचा होता. एक दिवसाचा पण केला असता तर कोणीही केला असता. गावाने तो रोजचा नेम केला, म्हणून त्याची वार्ता देशभर झाली.

मारुंजीस ह्याहून सोपी गोष्ट करावयाची आहे. गावचा कारभार ग्रामपंचायतीकडे असो की पुढेमागे महापालिकेकडे जावो, गावठाण व इमारती ह्यांच्या जाणत्या माणसांनी एका सतरंजीवर बसून वर्षाचे दिवस ठरवून घेण्यास कोणाची आडकाठी आहे? जत्रेचे दिवस, विसर्जनाचे दिवस, तेथे वाद्ये कोणती व किती वाजेपर्यंत, हे गावाने सांगावे आणि इमारतींनी मान्य करावे; त्या दिवशी तक्रारीची वही बंद ठेवावी, आणि नवख्यांनी खिडकीत उभे राहून नाक मुरडण्याऐवजी खाली येऊन प्रसाद घ्यावा. उलट इमारतींनी आपली क्लबहाऊसे, बांधकामे व मोटारींचे भोंगे आवरावे, आणि कोणत्या घरात आजारी आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, कोठे परीक्षार्थी आहे, ह्याची यादी गावाच्या हाती द्यावी. पूर्वी वाड्यात मनुष्य दुखण्याने पडला की जाते थांबवीत व उखळ दूर नेत. ती रीत ह्या गावातील वृद्धांस अजून आठवत असेल. भाड्याने भिंत देणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो म्हणाल, तर त्यांनी भिंत लहान करावी. दोन कर्ण्यांचेही भाडे मिळते, आणि आवाज ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारे साधन यंत्रात बसविता येते.

आवाज मोजण्याचे साधन आता फार महाग राहिलेले नाही; एका वरातीच्या खर्चाच्या मानाने तर ते काहीच नव्हे. असे एक मापक गावाने विकत घेऊन चावडीत ठेवावे आणि मिरवणुकीबरोबर मंडळाच्याच एका पोराच्या हाती द्यावे, असे आम्ही सुचवितो. त्याने तो आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकू येत असेल तर!

ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरते, आणि तीत पाण्याचा व रस्त्याचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. त्यांच्या खाली हा तिसरा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालण्यास एका सभासदाची सूचना पुरते. ती गावठाणातून आली तर अधिक बरे. इमारतींतून आली तर सूचना करणाऱ्याशेजारी गावातील एखादा म्हातारा अनुमोदनास बसलेला असावा. गणपतीपूर्वीच्या सभेत हे काम होण्यासारखे आहे.